तिसऱ्या पानावरची सही

१२ जून

चिंगे,

वर आधी 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं. मग तो कागद फाडला आणि नवा घेतला. आशीर्वाद देणारीनं आधी जरा बरं वागलेलं असावं लागतं. तेव्हा नुसतंच चिंगे.

घाबरू नकोस, हे माफीचं पत्र नाही. कामाचं आहे. नोव्हेंबरात तुला पस्तीस पूर्ण होतील आणि परदेशी शिकायला पाठवणाऱ्या बहुतेक शिष्यवृत्त्या पस्तिशीला दार लावून घेतात. आमच्या संस्थेनं तर बत्तिसाव्या वर्षीच लावलं. ते कसं लागलं हे तुला आणि मला माहीत आहे, त्यावर आत्ता नको. उरलेल्या पाच महिन्यांत काय काय उघडं आहे ते मी शोधून काढलंय. अठरा वर्षं दुसऱ्यांचे अर्ज तपासून तेवढं तरी कळायला लागलंय.

एक आहे विद्यापीठाची स्वतःची. फी पूर्ण माफ, पण राहायचं-खायचं तुझं तू बघ. म्हणजे लग्नाला या पण जेवून या. दुसरी एका जुन्या निधीची, सगळं देतात, विमानाचं भाडंसुद्धा, फक्त अर्जदाराच्या आजोबांनी रेल्वेत नोकरी केलेली पाहिजे. आपल्या आजोबांनी कुठेच केली नाही. तिसरी मात्र नीट वाच. 'हातांनी काम करणाऱ्यांचा निधी' असं काहीसं नाव आहे. ते पदवी विचारत नाहीत. आपण बनवलेली एक वस्तू, तिचे फोटो आणि ती वस्तू रोज वापरणाऱ्या माणसाचं छोटं पत्र, एवढंच मागतात. तू लोकांचे पाय बनवतेस. तुझे पाय घालून माणसं कामाला जातात. तुझ्याइतकी त्या निधीत बसणारी दुसरी कोण असणार? शेवटची तारीख एकतीस जुलै. माहितीपत्रक सोबत जोडलंय, महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलीनं रेघा मारल्यात.

आई बरी आहे. तुझी खोली कशी आहे, ऊन येतं का, असं विचारते. मी सांगते, येतं. मला काय माहीत?

तू घर सोडून कारखान्याजवळ राहायला गेलीस त्याला चौदा महिने झाले. जाताना तू मला एकच प्रश्न विचारलास, "ताई, मला फोन का नाही केलास?" आणि मी म्हणाले, "नियमात नाही." ते खोटं नव्हतं. अपूर्ण अर्ज बाद करावा असाच नियम आहे आणि तुझ्या अर्जाच्या तिसऱ्या पानावर सही नव्हती. एवढंच.

ताई


३ जुलै

चिंगे,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज जिना चढताना पेटीत हात घालून बघते.

मागच्या पत्राच्या शेवटी मी 'एवढंच' लिहिलं. ते पत्र टाकल्यापासून तो शब्द मला टोचतोय. एवढंच नव्हतं. नियम अपूर्ण अर्ज बाद करा म्हणतो, पण अठरा वर्षांत मी तो नियम पाळलाय कधी? दर वर्षी छाननीच्या आठवड्यात मी माझ्या टेबलावरून फोन करत असते. "तुमचा उत्पन्नाचा दाखला राहिलाय हो." "फोटो मागच्या बाजूला चिकटवलाय तुम्ही." "सही राहिलीय, शुक्रवारच्या आत येऊन करून जा." माणसं धावत येतात, धापा टाकत सही करतात आणि माझ्याकडे अशी बघतात, जणू मीच त्यांना तिकीट काढून देतेय. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? सगळ्या ऑफिसात माझ्याच टेबलापाशी लोक थँक्यू म्हणतात.

म्हणून तर तुला कळलं. तुमच्याकडे पेशंटचे व्यायाम घेणाऱ्या त्या बाई, त्यांचाही अर्ज त्याच वर्षीचा. शिकून परत आल्या आणि चहा पिता पिता तुला म्हणाल्या, "त्या ऑफिसातल्या मॅडम देवासारख्या. माझी सही राहिली होती, स्वतः फोन करून बोलावलं." तुझ्या हातातल्या कपाचं काय झालं असेल याचा मी पुष्कळदा विचार केलाय.

मी तुला फोन का केला नाही? तू सख्खी बहीण म्हणून. इतरांना केला तर ती मदत, तुला केला असता तर तो वशिला. उद्या कुणी बोट दाखवलं असतं तर तुझी शिष्यवृत्तीही गेली असती आणि माझी नोकरीही. शिवाय आईचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. तू दोन वर्षं गेली असतीस तर मी ऑफिस बघितलं असतं की आईला? हे सगळं माझ्या डोक्यात होतं.

हातांच्या निधीचा अर्ज केलास का? नसेल तर आज कर. वस्तूच्या फोटोत मागे पसारा दिसू देऊ नकोस, स्वच्छ चादर लाव. आणि पत्र त्या पोस्टमन काकांकडून घे, ज्यांचा पाय तू तीनदा उसवून पुन्हा बनवलास. ते भरभरून लिहितील. फक्त त्यांना दोन ओळींत आवरायला सांग, नाहीतर बालपणापासून सुरुवात करतील.

ताई


२७ जुलै

चिंगे,

चार दिवस राहिलेत. केला असशील असं धरून चालते.

मागच्या पत्रातली कारणं मी आज पुन्हा वाचली (मी नक्कल ठेवते, कारकुनाची जात). वाचून माझी मलाच लाज वाटली. वशिल्याचं कारण खोटं आहे. आमच्या नियमावलीत चौदावा नियम आहे: छाननी करणाऱ्याचा नातेवाईक अर्जदार असेल तर तो अर्ज न तपासता चिटणीसांकडे द्यावा. सरळ, सोपा. मला तो पाठ आहे. तुझं पाकीट उचलून चिटणीसांच्या टेबलावर ठेवायचं, संपलं. ते बारा पावलांवर बसतात.

आणि आईचं कारण तर मी नंतर शोधलं. आईला बघायला मावशी यायला तयार होती, तुलाही माहीत होतं.

खरं काय ते लिहिते. तू वाचून फाडलंस तरी चालेल.

तुझं पाकीट पोस्टानं आलं. इतर सव्वाशे पाकिटांबरोबर, गठ्ठ्यात. मी कात्री घेऊन एकेक फोडत होते आणि समोर तुझं अक्षर आलं. तो तुझा वेडावाकडा र. मी पाकीट हातात धरून बसले. गावभरच्या पोरांचे अर्ज मी भरून देते. शेजारच्यांचे, त्यांच्या पाहुण्यांचे, आईच्या डॉक्टरांच्या पुतण्याचा. आणि माझ्या बहिणीनं अर्ज भरला, दाखले गोळा केले, डॉक्टरकडून प्रमाणपत्र आणलं, कारखान्यातल्या उस्तादांचं शिफारसपत्र घेतलं, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही. एका घरात राहून, एका ताटलीतलं खाऊन, पाकिटाला तिकीट लावून पोस्टात टाकलं! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, चिंगे. दुसरं काही नाही. एवढ्याशा गोष्टीवर मी रुसले.

उघडलं तर तिसऱ्या पानावर सही नव्हती. आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना माझा हात जड झालाय, पण बरं वाटलं. म्हटलं, बघ, ताईला विचारलं असतंस तर असं झालं नसतं. आता विचारेल. आज ना उद्या जेवताना विचारेल, ताई, माझा अर्ज पोचला का गं? आणि मग मी ऐटीत सांगेन, पोचला शहाणे, पण सही कोण करणार?

अपूर्ण अर्ज आम्ही सात दिवस बाजूला ठेवतो. सात दिवस संध्याकाळी तू माझ्यासमोर जेवायला बसलीस. तू त्या सात वर्षांच्या मुलीचं सांगत होतीस, जिला नव्या पायावर उभं राहायचं नव्हतं, कारण तो जुन्यापेक्षा गोरा होता. तू तिच्यासाठी रंग कालवत होतीस, तुझ्या नखांत तो रंग होता. मी हसत होते, वाढत होते, आणि मनात म्हणत होते, विचार. विचार ना. सातव्या दिवशीही तू विचारलं नाहीस. आठव्या दिवशी सकाळी ऑफिसात गेले आणि 'अपूर्ण'चा शिक्का मारला. तो तिरका उमटला म्हणून पुन्हा एकदा नीट मारला.

त्या वर्षी मी एकोणचाळीस जणांना फोन केले.

ताई


१९ ऑगस्ट

चिंगे,

म्हणजे अर्ज केलास. मला आज कळलं, आणि कसं कळलं ते ऐक.

हातांच्या निधीवाल्यांचं पत्र आमच्या ऑफिसात आलंय. त्यांच्या अर्जात एक प्रश्न आहे: याआधी कुठली शिष्यवृत्ती नाकारली गेली का, आणि का? तुझ्या उत्तराची नक्कल जोडून ते आम्हाला विचारतात, ही माहिती बरोबर आहे का ते कळवा. पत्र आवक विभागात आलं. आवक विभाग म्हणजे मी.

तू लिहिलंयस: "माझ्या निष्काळजीपणामुळे अर्ज अपूर्ण राहिला व बाद झाला."

मी ते वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारून आले. तू मला वाचवलंस. तिथे माझं नाव लिहून मोकळी झाली असतीस तर कुणी तुला दोष दिला नसता. पण निष्काळजी हा शब्द, आणि तोही स्वतःसाठी, अशा निधीच्या अर्जात? जे लोक तुझ्या हातातली सफाई बघून पैसे देणार, त्यांना तू सांगतेस की मी निष्काळजी आहे! अगं, असं लिहितात का? मला विचारलं असतंस तर... बघ. पुन्हा तेच. खोडत नाही, राहू दे. माझी ही खोड तुला दिसूच दे.

मी दोन उत्तरं तयार केलीत. दोन्हीची नक्कल सोबत आहे.

पहिलं: "अर्ज अपूर्ण असल्याने छाननीत बाद झाला. अर्जदाराने दिलेली माहिती बरोबर आहे." हे कागदोपत्री शंभर टक्के खरं आहे. यावर चिटणीस न वाचता सही करतील. तुझं मात्र कदाचित नुकसान होईल.

दुसरं: "अर्जावर एक सही नव्हती. अशा अर्जदारांना फोन करून त्रुटी दूर करून घेण्याची या टेबलाची पद्धत होती. त्या वर्षी एकोणचाळीस जणांना फोन केले. या एका अर्जदाराला केला नाही. ती माझी सख्खी बहीण आहे. निष्काळजीपणा तिचा नसून माझा आहे. ती बिचारी अत्यंत गुणी असून तिने घरासाठी फार सोसले आहे." यावर चिटणीस वाचल्याशिवाय सही करणार नाहीत, आणि वाचल्यावर काय करतील ते सांगता येत नाही.

सकाळी मी दुसरं उत्तर चिटणीसांपुढे ठेवायलाच निघाले होते. मोठं धाडस करतेय असं वाटत होतं, ऊर भरून आला होता. मग लक्षात आलं, हाही निर्णय मी तुझ्या पाठीमागे तुझ्याच कागदावर करतेय. त्या निधीवाल्यांना घरातली भांडणं नको असतील तर? ते म्हणतील, हे प्रकरण आधी मिटवा, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी तू पस्तिशीच्या पलीकडे. मी पुन्हा बरं वाटून घेईन आणि किंमत तू देशील.

म्हणून दोन्ही कागद अजून माझ्या खणातच आहेत. पाच सप्टेंबरपर्यंत उत्तर गेलं पाहिजे. कुठलं पाठवायचं ते तू सांग. फोन कर, चिठ्ठी पाठव, उस्तादांकडून निरोप दे. तू म्हणशील ते, एक अक्षर न बोलता.

ताई


१ सप्टेंबर

चिंगे,

काल तू आलीस. तू तिथे होतीसच, तुला काय सांगायचं? पण मला ते लिहून काढल्याशिवाय चैन पडणार नाही.

तू सरळ माझ्या टेबलाशी आली नाहीस. रांगेत उभी राहिलीस. तुझ्यापुढे तिघं होती, मला त्यातल्या एकाचंही काम नीट सुचलं नाही. एकाला चुकीचा फॉर्म दिला. तू किती वाळलीस गं. तुझी पाळी आली आणि तू दोन्ही नकला काचेखालून सरकवल्यास आणि म्हणालीस, "मॅडम, हे बघायचं होतं."

मॅडम. सगळेच मला म्हणतात.

तू तुम्ही-आम्ही करत बोललीस, हळू आवाजात, मागच्याला ऐकू जाणार नाही असं. "मॅडम, दुसरं पाठवा. पण यातलं 'बिचारी' काढा. मी बिचारी नाही. सोसलंबिसलं तेही काढा, ते माझा पाय घालणारे लोक सांगतील काय सांगायचं ते. आणि 'निष्काळजीपणा तिचा नसून' हे चूक आहे. सही मीच विसरले होते. 'माझाही' लिहा."

मी पेन घेतलं आणि तू सांगितलंस तसं खोडलं. मग तू निघालीस, आणि जाता जाता वळून म्हणालीस, "मीही ते सात दिवस रोज विचारायला तोंड उघडत होते. पण विचारलं तर तुमच्यावर वशिल्याचा ठपका येईल म्हणून गप्प बसले. पोस्टानंही म्हणूनच पाठवला होता. माझ्या जिवावर मिळावं, तुमच्या नाही, असं वाटत होतं. तुम्हाला सांगून सरप्राइज द्यायचं होतं, मिळाल्यावर."

तुझ्यामागच्या बाईंनी मला विचारलं, "मॅडम, बरं नाही का?" मी म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलं.

मी सात दिवस रुसले होते, आणि तू सात दिवस मला जपत होतीस. हे मला आता आयुष्यभर पुरेल.

दुपारी कागद चिटणीसांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "बहिणीला फोन केला नाहीत, हे तर नियमाला धरूनच झालं. अर्ज माझ्याकडे दिला नाहीत, ती चूक. पण या बाकी एकोणचाळीस जणांना केलात, त्याचं काय? आणि दर वर्षी?" त्यांनी सही केली, पत्र गेलं. संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावरचा फोन उचलून त्यांच्या खोलीत नेला.

यंदाच्या गठ्ठ्यात आत्तापर्यंत अकरा अपूर्ण निघालेत. एकाचं तर फक्त पिनकोड लिहायचं राहिलंय. मी अकराही बाजूला ठेवले आणि कुणालाही कळवलं नाही. खरं बोलल्याचं ओझं तुझ्या-माझ्यावर पडायला हवं होतं, ते या अकरा जणांच्या डोक्यावर पडलं. हे तुला सांगतेय ते कीव करावीस म्हणून नाही. आणखी कुणाला सांगू तेच कळत नाही.

ताई


२२ ऑक्टोबर

चिंगे,

तुला मिळाली. निधीवाल्यांनी महिन्याच्या सुरुवातीलाच नावं जाहीर केली, मी ती यादी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर पाहिली. पाचवं नाव. मी उभी राहिले आणि मग का उभी राहिले तेच विसरले, सगळे बघायला लागले. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मला कालच फोन आला होता तिचा." मला सांगितलं का नाहीस, विचारलं, तर म्हणाली, "तिनं सांगू नको म्हटलं नव्हतं. पण सांग असंही म्हटलं नव्हतं." आईही आता नियमानं वागायला लागलीय.

माझी बदली झालीय. आवक काढून घेतलं, आता मी जावकला. मंजूर झालेले कागद तपासून पाकिटात घालायचे, पत्ता लिहायचा, तिकीट लावायचं. सही-शिक्का राहिलेला कागद बाहेर जाता कामा नये, तेवढी जबाबदारी माझी. खाली मान घालून करण्यासारखं काम आहे. मला सध्या तसलंच बरं.

काल पाकिटात घालायच्या गठ्ठ्यात तुझा अर्ज आला. इतर निधींकडून परदेशी जाणाऱ्यांना आम्ही प्रवासखर्च देतो, त्याचा. चौदाव्या नियमानं तो चिटणीसांनी स्वतः तपासला होता आणि मंजूर केला होता. माझ्याकडे फक्त रवानगीसाठी होता. तरी मी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या पानापासून वाचला.

फोटो पुढच्या बाजूला, नीट चिकटवलेला. दाखले क्रमानं. जन्मतारीख, पासपोर्ट, सगळं जागच्या जागी. 'अडचणीच्या वेळी कळवण्यासाठी जवळची व्यक्ती' या चौकटीत तू उस्तादांचं नाव लिहिलंयस. नात्याच्या जागी लिहिलंयस, 'गुरू'. खाली त्यांचा फोन नंबर. ती चौकट मी आयुष्यात हजारो वेळा वाचली असेल. कुणी आईचं नाव लिहितं, कुणी नवऱ्याचं, बरेच जण बहिणीचं.

मग पान उलटलं. तिसऱ्या पानावर तुझी सही होती. चौथ्यावर होती. हमीपत्रावर होती, साक्षीदाराचीही होती. मी सगळा अर्ज पहिल्यापासून पुन्हा तपासला, बोट ठेवून, ओळ न ओळ. एखादा पिनकोड, एखादी तारीख, काहीतरी राहिलं असतं तर घरी जाऊन तुला फोन करायला निमित्त झालं असतं.

काहीच राहिलेलं नाही.

ताई